पाव झाकायचं फडकं

माझा राग नाकावर असतो, असं आमच्याकडे सगळे म्हणतात. साफ खोटं आहे. नाकावरचा राग एका शिंकेत उडून गेला असता. माझा राग वळकटी घेऊन येतो, पाय पसरतो आणि चांगला मुक्काम ठोकतो. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे ‘अगं बाई, एवढ्याशा फडक्यावरून एवढं?’ असं कुणी म्हणायला नको. फडकं एवढंसं नव्हतंच. चांगलं लांबरुंद, जाड कापडाचं, फुगायला ठेवलेल्या पावांवर झाकायचं माझं सगळ्यात लाडकं फडकं होतं ते.

माझी बेकरी आहे. पुढे दुकान, मधे पीठ मळायची खोली आणि मागे भट्टी. भट्टी वर्षानुवर्षं गॅसवर गुपचूप चालली होती. मग आमचे हे निवृत्त झाले. फर्निचरचे बोर्ड बनवणाऱ्या कारखान्यात त्यांनी जन्मभर बॉयलर सांभाळला. निवृत्त माणसानं पेपर वाचावा, फिरायला जावं, दुपारी डुलकी काढावी. यांनी घरी बसल्या बसल्या माझ्या भट्टीकडे असं काही बघितलं, की मी ओळखलं, आता हिची खैर नाही.

“शेजारी सुताराकडे पोत्यांनी भुसा पडलाय,” हे म्हणाले, “आणि तू गॅस जाळतेस!”

“जाळते. माझी भट्टी आहे.”

“अगं, जैवइंधन आहे ते!”

“भुसा आहे तो. नाव बदललं म्हणून शिंका यायच्या थांबत नाहीत.”

पण ऐकतील तर ते आमचे हे कसले! बघता बघता भट्टीच्या मागे माणसाएवढं पत्र्याचं नरसाळं उभं राहिलं. त्याला नरसाळं म्हटलेलं त्यांना खपत नाही, हॉपर म्हणायचं. वरून भुसा आणि लाकडाच्या ढलप्या ओतायच्या. खाली एक लोखंडी स्क्रू गोल गोल फिरतो आणि तो माल थोडा थोडा करून आगीत ढकलतो. ऐकायला किती सोपं! पण भुसा म्हणजे काय पाणी आहे, सरळ खाली पडायला? गळ्यापाशी आला, की एकमेकांना धरून कमान करून बसतो. वर पोतंभर भुसा, खाली स्क्रू रिकामाच फिरतोय, भट्टी गार, आणि माझे पाव ट्रेमध्ये बसल्या जागी आंबतायत.

मग हातोडा. “कारखान्यातही आम्ही हेच करायचो,” हे अभिमानाने सांगायचे आणि पत्र्यावर धाडधाड हाणायचे. कमान कोसळायची, भुशाचा ढग उठायचा आणि मधल्या चौकटीतून थेट माझ्या पिठात. गिऱ्हाइकं विचारायला लागली, “काकू, हा ब्राऊन ब्रेड आहे का?” मी म्हणायचे, “हो, नवीनच सुरू केलाय.” सांगणार काय!

एके दिवशी मी पाव वळून, वरून लोणी लावून, रांगेत मांडून ठेवले होते. डोळ्यांचं पारणं फिटावं असे दिसत होते. तेवढ्यात पलीकडे हातोडा पडला, ढग आला आणि लोण्यावर भुसा बसला. एकेका पावाला दाढी उगवली. माझ्या डोक्यात काय तिडीक गेली म्हणता! तशीच आत गेले आणि म्हटलं, “अहो, या घरात एक तर तुमचा हा भुसा राहील, नाहीतर मी!”

आता यावर शहाण्या माणसानं काय म्हणावं? ‘तू’ म्हणावं. एक अक्षर आहे. हे हातोडा धरून विचार करत उभे राहिले! नंतर म्हणतात, हॉपरमध्ये कसला तरी आवाज येत होता, तो ऐकत होतो. असेल. मी तेवढं थांबलेच नाही. पाव झाकायचं फडकं उचललं, कपडे वाळत घालायची दोरी ओढून आणली, तिचं एक टोक खिळ्याला, दुसरं खिडकीच्या गजाला, कशीबशी गाठ मारली आणि हॉपरच्या तोंडाशी फडक्याचा पडदा टाकला. निदान धूळ तरी अडेल. फडकं लांब पडलं, निम्मं हॉपरच्या आत लोंबत राहिलं. राहू दे, म्हटलं. चिमटेही एकाच बाजूला लावले, कारण बाकीचे वर गच्चीत होते, आणि एवढ्या रागात गच्ची कोण चढतं? मग पिशवी भरली आणि बहिणीकडे निघून गेले.

लेकीला फोनवर सांगितलं, “मावशीचा गुडघा दुखावलाय, तिच्या मदतीला चाललेय.” मावशीचा गुडघा ठणठणीत होता. पण आईबापाचं भांडण झालं, आई घर सोडून गेली, असं परगावी नोकरी करणाऱ्या पोरीला कसं सांगायचं? यांनीही तिला गुडघाच सांगितला. तेवढ्यावर आमचं न बोलता एकमत झालं.

बहिणीकडे मी उठता बसता फोन बघायचे. बेकरीतल्या माझ्या मदतनीस बाईचा रोज यायचा. पाव ठीक झाले, बिस्किटं संपली, सगळं कळायचं. यांचा एकदासुद्धा आला नाही. शेवटी बहीणच म्हणाली, “ताई, तू आता घरी जा गं. तू आल्यापासून माझ्या स्वयंपाकघरातली भांडीसुद्धा धास्तावली आहेत.” मग आले परत.

आले, तर हे भट्टीपाशी स्टुलावर बसून शीळ घालत होते. शीळ! मला बघून म्हणाले, “आलीस? चहा टाकू?” बस्स. ना कशी आहेस, ना माझं चुकलं. भट्टी मस्त रसरसत होती, स्क्रू गुणगुणत होता, हातोडा खुंटीला टांगलेला. म्हणजे मी नसताना यांचं झकास चाललं होतं तर! हे मला फार लागलं. बोलले काहीच नाही. फडकं बघितलं तर भुशाने पार तपकिरी झालेलं. धुवायला काढावं म्हणून हात घातला, तर हे जवळजवळ ओरडलेच, “हात लावू नकोस त्याला!”

घ्या. झालं स्वागत.

हातोड्याची ठोकाठोक बंद झाली आहे, हे मला जाणवत होतं. पण का बंद झाली, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढचं सगळंच बोलावं लागलं असतं. मी दुसरं फडकं शिवून घेतलं आणि कामाला लागले. त्याला काही पहिल्याची सर नव्हती.

आता आमची लेक. तिला घरात ठमी म्हणतात. लहानपणी गोल गरगरीत होती, आता ताडमाड वाढलीय, पण नाव काही सुटलं नाही. ठमी पेटंट काढून देणाऱ्या वकिलांच्या कचेरीत काम करते. कुणी म्हणालं, मी काहीतरी नवीन शोधलंय, की जगाच्या पाठीवर ते आधी कुणी शोधून ठेवलंय का, हे ती हुडकून काढते. दुसऱ्याच्या आनंदावर विरजण घालायची नोकरी, असं ती स्वतःच म्हणते. आणि योगायोग बघा, त्या वेळी तिच्याकडे काम आलं होतं ते नेमकं भुशाचं! लाकूड, पेंढा, तूस असलं काहीबाही जाळून जी ऊर्जा करतात, त्यात ते इंधन आगीपर्यंत पोचवायच्या यंत्रांची पेटंटं आजवर कुठल्या वाटेने गेली, याचा अहवाल लिहायचा होता. सुट्टीला म्हणून घरी आली, ती पीठ मळायच्या टेबलावर लॅपटॉप मांडूनच बसली.

“पीठ लागेल त्याला,” मी म्हटलं.

“लागू दे. आई, हे बघ तर.” पडद्यावर रंगीबेरंगी पट्ट्या होत्या. “आधी सगळे स्क्रूच्या मागे. एक स्क्रू, मग दोन, मग उलटसुलट फिरणारे. मग हॉपर थरथरवायची लाट आली. मग हवेचे फवारे मारायची. मग आग उलटी सरकत हॉपरमध्ये शिरू नये म्हणून दुहेरी दारं. आणि आता बघावं तिकडे सेन्सर. कॅमेरा बघणार, कॉम्प्युटर शिकणार आणि कमान धरायच्या आधीच ओळखणार.”

“म्हणजे एकाच दुखण्यावर सगळे वेगवेगळी औषधं देतायत.”

“अगदी तेच! पेटंटांचा हा ढीग, आणि तक्रार एकच. भुसा खाली पडत नाही.”

“हातोड्याचं नाही का गं पेटंट?” हे आतून ओरडले.

ठमीने बोटं चालवली आणि गंभीर आवाजात वाचलं, “‘बाह्य आघाताद्वारे प्रवाह पूर्ववत करणारी स्वयंचलित योजना.’”

यांना हसता हसता ठसका लागला. जन्मभर हे बाह्य आघात करत आले होते आणि त्यांना पत्ताच नव्हता! मीसुद्धा हसले. कितीतरी दिवसांनी आम्ही एका वेळी, एकाच गोष्टीवर हसलो. मला बरं वाटलं.

हसू ओसरल्यावर ठमीने मान वर केली. “पण बाबा, तुमचा हॉपर कसा तुंबत नाही? मी सकाळपासून इथे आहे. हातोड्याचा आवाज नाही.”

“ते फडकं आहे ना,” हे म्हणाले. “ते टांगल्यापासून तुंबलाच नाही.”

ठमी स्टुलावर चढली. हॉपरमध्ये वाकून बघितलं, फडक्याला बोट लावलं, परत बघितलं. खाली उतरली तेव्हा तिचे डोळे लकाकत होते. “मोटर नाही, वीज नाही, सेन्सर नाही. नुसतं कापड! बाबा, माझ्या ढिगात असं एकही नाहीये. जो तो लोखंडात लोखंड घालत बसलाय. कापड कुणाला सुचलंच नाही! हे पेटंट होऊ शकतं.” आणि त्याच दमात तिने तो प्रश्न विचारला. पेटंटवाल्या लोकांना सवयच असते, सगळ्यात आधी हेच विचारायचं. “कुणी टांगलं हे?”

मी पीठ मळत होते. माझे हात थांबले.

यांनी माझ्याकडे एकदा चोरून बघितलं आणि चटकन म्हणाले, “मी.”

अगं आई गं! मला वाटलं, माझ्या कानांनाच काहीतरी झालंय. फडकं माझं, दोरी माझी, चिमटे माझे, भांडण माझं, आणि टांगलं यांनी? पेटंटबिटंट गेलं खड्ड्यात. मला नावाची हौस नाही, दुकानाच्या पाटीवरसुद्धा माझं नाव नाही. पण तो दिवस यांच्या लक्षातच नाही? मी पिशवी घेऊन बाहेर पडले, ते यांनी पार पुसून टाकलं आणि वर त्या जागी स्वतःला उभं केलं? मी गेले काय, आले काय, यांना काही फरक पडतो की नाही, एवढंच मला कळायला हवं होतं. आणि उत्तर मिळाल्यासारखंच होतं. मी पिठाचा गोळा असा आपटला, की ठमीचा लॅपटॉप उडाला.

त्या क्षणापासून मी यांच्याशी अबोला धरला.

ठमीने भराभर सूत्रं हलवली. तिच्या कचेरीतल्या वकीलबाई यंत्र स्वतः बघायला शनिवारी येणार, असं ठरलं. अर्ज दाखल होईपर्यंत बाहेर कुणालाही काही दाखवायचं नाही, सांगायचं नाही, नाहीतर नवेपणा जातो म्हणे. मला काय, मी घरातसुद्धा बोलत नव्हते. शुक्रवारी मात्र मी स्टूल ओढलं, चिमटे काढले आणि माझं फडकं उतरवलं.

“ठमे,” मी म्हटलं, “तुझ्या बाबांना सांग, फडकं माझं आहे. ज्यांनी टांगलं, त्यांनी स्वतःचं आणावं.”

हे दारातच उभे होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. माझ्या हातातल्या फडक्याकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे बघितलं. पायांकडे का, ते मला तेव्हा कळलं नाही. म्हटलं, पेटंट हातचं चाललं म्हणून घाबरलेत.

“आई, झालंय काय तुम्हा दोघांना?” ठमी म्हणाली.

“काही नाही.”

“मावशीचा गुडघा कसा आहे?”

“उत्तम,” आम्ही दोघं एकदम म्हणालो.

ठमीने आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं. जगातली चोरलेली कल्पना हुडकून काढणारी पोरगी ती. पण त्या वेळी गप्प बसली. मी फडकं दोनदा धुतलं, वाळवलं आणि पावांवर घातलं.

यांनी नवीन कापड आणलं. रात्रीच्या जेवणाआधी लोखंडी पट्ट्यांची चौकट केली, त्यावर कापड चारी बाजूंनी नटबोल्ट लावून असं ताणलं, की वर नाणं टाकलं तर उडावं. ते ठमीला समजावत होते, मला ऐकू जाईल अशा बेताने. “कापड मऊ, गुळगुळीत, त्याच्यावर भुसा चिकटत नाही. सगळी जादू कापडात आहे. आधीचं जरा गबाळं दिसत होतं. वकीलबाई येणार, तर काम कसं नीटनेटकं हवं.”

गबाळं! ऐकून घेतलं.

शनिवारी वकीलबाई आल्या. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, हसरा चेहरा, आल्या आल्या “काकू, काय सुंदर वास येतोय” म्हणाल्या. बाई मला आवडल्या. दुपारचे पाव ट्रेमध्ये फुगत होते, भट्टी तापायची होती. यांनी नवा सदरा घातला होता. पोतं उचलून भुसा ओतला, बटण दाबलं. स्क्रू फिरायला लागला. आम्ही सगळे ऐकत उभे राहिलो. भुसा सळसळत खाली गेला, मग सळसळ कमी झाली, मग थांबली. स्क्रू रिकामा खडखडायला लागला.

हे हॉपरभोवती एक चक्कर मारून आले. पत्र्यावर हळूच टिचकी मारली. मग तळहाताने थोपटलं. मग खुंटीवरचा हातोडा घेतला आणि केला बाह्य आघात. भुशाचा ढग उठला आणि वकीलबाईंच्या पांढऱ्या शर्टावर अलगद उतरला.

खरं सांगू? मला आनंद झाला. मनातल्या मनात टाळ्या पिटल्या. मग यांचा चेहरा दिसला. ते त्या चौकटीच्या बोल्टांवरून बोट फिरवत होते, कुठला सैल आहे का बघत होते, आणि एकही सैल नव्हता. माझ्या टाळ्या तिथेच थांबल्या.

“काका, काही हरकत नाही,” वकीलबाई शर्ट झटकत म्हणाल्या. “होतं असं. फक्त आधी चालायचं आणि आता चालत नाही, यातला फरक कळला पाहिजे. तो फरक म्हणजेच तुमचा शोध. पहिल्यांदा टांगलंत, तेव्हा नेमकं काय केलं होतंत?”

यांनी हातोडा या हातातून त्या हातात घेतला.

“आणि का टांगलंत? म्हणजे, डोक्यात काय होतं त्या वेळी?”

हे माझ्याकडे बघायला लागले. मी हाताची घडी घातली आणि अबोला मोडला. “सांगा ना. तुम्हीच टांगलंत ना?”

यांनी हातोडा खाली ठेवला.

“मी नाही टांगलं,” हे म्हणाले. “हिने टांगलं. आमचं भांडण झालं होतं. भुसा पावांवर उडाला होता. हिने रागारागाने ते टांगलं आणि घर सोडून निघून गेली.”

“घर सोडून?” ठमी म्हणाली. “पण मावशीचा गुडघा...”

“मावशीचा गुडघा ठणठणीत आहे. तू विचारलंस कुणी टांगलं. हिने म्हटलं असतं, तर तू विचारलं असतंस, कधी? का? मग काय झालं? तुझी नोकरीच ती. म्हणून मी म्हटलं, मी. तुझ्या आईने घर सोडलं होतं, हे माझ्या तोंडून तुला कळायला नको होतं. माझ्यापायी सोडलं होतं ना.”

स्क्रू अजून खडखडत होता. ठमीने जाऊन तो बंद केला.

“ती गेल्यावर मी ते काढायला गेलो होतो,” हे बोलत राहिले. वकीलबाई आहेत, हे बहुतेक विसरलेच होते. “पण हात झाला नाही. जाताना हिने शेवटचं केलेलं काम तेवढंच होतं. मला वाटलं, हे उतरवलं तर ही काही परत येत नाही. वेडेपणा आहे, कळतं मला. पण नाही काढलं. रोज त्याच्यासमोर स्टूल टाकून बसायचो. बसता बसता एकदा लक्षात आलं, की हातोडा कधीपासून खुंटीलाच आहे.”

“मग फोन का नाही केलात?” मी म्हटलं.

“काय सांगणार होतो फोनवर? यंत्र छान चाललंय म्हणून?”

“आणि मी आले तेव्हा शीळ घालत होतात!”

“आई,” ठमी हळूच म्हणाली, “बाबा घाबरले की शीळ घालतात. माझ्या निकालाच्या दिवशी सकाळपासून घालत होते.”

मी कपाळावर हात मारून घेतला. खरंच की! आजारी सासूबाईंना दवाखान्यात नेलं तेव्हा घातली होती. ठमी जन्माला आली, तेव्हा दाराबाहेरून मला शीळच ऐकू येत होती. इतका संसार केला, आणि ऐन वेळी मला हे आठवू नये? काल हे माझ्या पायांकडे का बघत होते, तेही आत्ता उमगलं. मी चपला घातल्यात का, ते बघत होते.

“काकू,” वकीलबाई फार हळू म्हणाल्या, “ते फडकं आहे का अजून?”

पावांवरचं फडकं मी उचलून आणलं. दोरी आणली. यांनी चौकटीचे बोल्ट काढले. मी दोरी बांधली, फडकं टाकलं, एका बाजूला चिमटे लावले. हे जवळ येऊन बघायला लागले.

“दोरी एवढी घट्ट नव्हती.”

“माहितेय मला! पण तेव्हा मी रागात होते. आता राग आला नाही तर काय करू?”

यांनी जरा विचार केला. “पावांना दाढ्या उगवल्या होत्या. आठवतंय? सगळ्याच्या सगळ्या ट्रेला. आणि मी काही बोललोच नाही.”

आली! अश्शी तिडीक आली! मी दोरी सोडली, परत बांधली, गाठ तिरकी बसली, फडकं लोंबलं. “हं, बास!” हे आनंदाने ओरडले आणि भुसा ओतला.

स्क्रू फिरला. सळसळ सुरू झाली आणि थांबलीच नाही. भट्टीत आग धरली. हे स्टुलावर चढून आत डोकावले, मग वर दोरीकडे बघितलं, मग परत आत.

“दोरी!” ते म्हणाले. “अगं, कापडात काही नाही, दोरीत आहे! भुसा फडक्याला खाली ओढतोय, दोरी ताणतेय आणि परत वर खेचतेय. फडकं सारखं सरकतंय. कमानीला टेकायला जागाच मिळत नाहीये! मी मूर्खासारखं ते चारी बाजूंनी आवळलं.”

ठमी आणि वकीलबाई दोघी मिळून वाकून बघायला लागल्या. ठमी तर नाचायचीच बाकी होती.

“मग शोधक म्हणून कुणाचं नाव?” वकीलबाईंनी विचारलं. “हे खरं सांगावं लागतं हं. इथे चूक चालत नाही.”

“हिचं,” हे म्हणाले.

“दोघांचं,” मी म्हटलं. “मी धूळ अडवायला टांगलं होतं. भुसा पडतो की चढतो, मला काय त्याचं. तो का पडतो, ते आत्ता यांनी बघितलं.”

वकीलबाईंनी मान डोलावली. ठमी टेबलाशी बसून तोंडाने म्हणत टाइप करायला लागली, “‘हॉपरमध्ये शिथिल आधारावर एका बाजूने टांगलेले लवचीक आवरण...’”

“यात माझा राग कुठे आला?” मी विचारलं.

“शिथिल आधार, आई. तोच तो.”

दुपारचे पाव जरा उशिराच निघाले, पण काय फुगले होते म्हणून सांगू! वकीलबाईंना शर्टाच्या बदल्यात टोपलीभर बांधून दिले. ठमी त्यांच्याबरोबरच गेली. जाताना माझ्या कानात म्हणाली, “पुढच्या वेळी मावशीचं दुसरं काहीतरी दुखव. गुडघा ओळखीचा झाला.” टपली मारली तिला एक.

त्यानंतर काही दिवसांनी बघितलं, तर फडकं पुन्हा पार तपकिरी झालं होतं. म्हटलं, धुवायला हवं. स्टूल ओढलं, वर चढले आणि चिमट्याला हात घातला.

हे भट्टीपाशी होते. जागच्या जागी थबकले. “राहू दे ना,” म्हणाले. “कशाला काढतेस?”

या वेळी मी चिडले नाही. स्टुलावरूनच वळून म्हटलं, “अहो, धुते आणि परत टांगते. मी कुठेही जात नाहीये.”

ते जवळ आले, एका हाताने स्टूल धरलं, दुसरा हात वर करून पहिला चिमटा स्वतःच काढला आणि माझ्या हातात दिला. शीळ घातली नाही.